कडू घास

हौशीरामने टीव्हीची वायर उपटली आणि ती हातातच धरून उभा राहिला. पडद्यावर आत्ताच त्याने दोन विमानं कोसळताना पाहिली होती. बाणाच्या टोकासारखा विमानांचा थवा चालला होता, त्यातल्या एकाचा पंख शेजारच्याला लागला आणि धुराचे दोन लोळ रानात उतरले. एक पायलट पॅराशूटने वाचला, दुसरा गेला, एवढंच सांगत होते. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव जाहीर होणार नव्हतं.

त्याच पथकात हौशीरामचा एकुलता एक मुलगा होता, आदेश.

बाहेर पडवीत साळुबाई भाकरी थापत होती. घरात गॅस होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागे. टीव्ही का बंद केला, असं तिने तिथूनच विचारलं. डिश बिघडली, असं तो म्हणाला. बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तिने वळून पाहिलं नाही म्हणून निभावलं.

परसात जाऊन त्याने आदेशला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंद. दोन विमानांत बैलगाडी जाईल एवढंच अंतर असतं आबा, नजर शेजारच्या पंखावरून हलवायची नाही, असं आदेश मागे सुट्टीत सांगत होता. तेव्हा हौशीरामची छाती फुगली होती. आता ते आठवून त्याने तिसऱ्यांदा नंबर लावला.

त्याने धाकट्या भावाला, बाळासाहेबाला, सगळं सांगितलं. नारायणगावात हवाई दलातून निवृत्त झालेले एकजण होते. त्यांना भेट, काही कळतं का बघ, आणि कुणाला बोलू नको, असं बजावून त्याने त्याला पाठवलं. पण त्यांच्या खोडद गावातही घरोघरी टीव्ही होतेच. बाळासाहेब वेस ओलांडतो न ओलांडतो तोच गावच्या ग्रुपवर आदेशचा वर्दीतला फोटो आला. भोवती फुलांची चौकट आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

हौशीरामने फोन खिशात कोंबला. यांना नक्की काही कळलंय, की आपल्यासारखंच टीव्ही बघून केलंय? आणि खरं असेल तर? असा फोटो बघायचा आणि तिला भाकरी थापू द्यायची, हे बरोबर की चूक, ते त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात बाळासाहेबाची बायको भागू अंगणात शिरली. मागे आळीतल्या दोघीजणी होत्या. भागूच्या डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी होती. ज्या घरातलं माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येते. त्याला कडू घास म्हणतात. भागूने फोटो पाहिला होता आणि रीतीप्रमाणे केलं होतं. मागे फिर, असं खुणावत हौशीराम धावला. पण पेटती चूल बघून भागू जागीच थबकली होती.

साळुबाईने पाटी पाहिली. नवऱ्याचा हवेत राहिलेला हात पाहिला.

"भागू, कुणाचा घास आणलास?"

भागूला रडू फुटलं. मागची एकजण पुढे होऊन चुलीतली लाकडं ओढायला वाकली, तसं साळुबाईने तिचं मनगट धरलं.

"हात न्हाई लावायचा. माझ्या घरातलं कुणी गेल्यालं न्हाई." मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "का गेलंय कुणी?"

"ठाव न्हाई गं. इमानं धडकली. त्याचा फोन लागंना."

"मला कवा सांगणार व्हता?"

त्याने वाकून चुलीतलं लाकूड आत सारलं.

ती पुन्हा परातीपुढे बसली. पीठ संपलं तसं आणखी ओतलं. तव्यावरून भाकरीमागून भाकरी उतरू लागली. खाणारं कुणी नव्हतं, पण हौशीराम न सांगता लाकडं आणून देत होता. चूल विझू द्यायची नाही, एवढंच दोघांच्या हातात उरलं होतं. पाटी कुठे ठेवावी हे न कळून भागू ती मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. शेतांपलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या एकाच बाजूला तोंडं करून उभ्या होत्या.

फोन वाजला. नंबर अनोळखी होता. हौशीरामचा अंगठा हलेना. साळुबाईने पिठाच्या हाताने फोन ओढून घेतला.

"आई," आदेशचा आवाज आला. "मी हाय."

हौशीराम फोनला कान लावायला तिच्याजवळ वाकला. बायकांत एकच गलका झाला. कुणीतरी पेढ्यांचं नाव काढलं. साळुबाईने पिठाचा पंजा उगारला, तशा सगळ्या गप्प झाल्या. आदेश थांबत थांबत बोलत होता. त्याच्या विमानाला काही झालं नव्हतं. सगळ्यांचे फोन काढून घेतले होते, हा साहेबांचा होता. गेला तो जिनेश, नेहमी त्याच्या शेजारी उडणारा. जिनेशची आई महिनाभर मुलाकडे राहायला आली होती. ती आत्ता क्वार्टरमध्ये एकटीच होती, आणि तिला अजून काही माहीत नव्हतं. सांगायला साहेबांबरोबर आदेशलाच जायचं होतं.

"आई, काय सांगू मी त्यांना?"

साळुबाईने भागूकडे पाहिलं. भागूने मान खाली घातली.

"दारातनं सांगू नगं," साळुबाई म्हणाली. "आत जा. त्यांना बसव, तूबी बस. आन् हातात काय बी नेऊ नगं. रिकाम्या हातानं जा." मग ती भागूच्या मांडीवरची पाटी बघत म्हणाली, "आन् बिगी बिगी जा बाळा. दुसरं कुणी पोचायच्या आत."