फोनची कावीळ

कपडे रंगवून देण्याच्या धंद्यात वहिनींचा शब्द शेवटचा. गिऱ्हाइकाने चिंधी आणावी, वहिनींनी ती खिडकीच्या उजेडात धरावी, डोळे बारीक करावेत आणि उकळत्या पातेल्यात दोन-तीन भुकट्या अशा बेताने सोडाव्यात, की चिंधी आणि नवं कापड सख्ख्या बहिणी वाटाव्यात. त्यांचा बटणांचा फोन एवढंच सांगे, की गिऱ्हाईक घरून निघालंय. तेवढं पुरत होतं.

मग एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. साऱ्या खोल्यांचे पडदे विटलेत, नव्या सोफ्यांच्या रंगाचे करून हवेत. सोफ्याची चिंधी कुठून कापणार, फोटो पाठवतो म्हणाला. आपल्या फोनवर फोटो येत नाही, असं वहिनींनी सांगितल्यावर तो पलीकडे जरासा थांबला, आणि त्या थांबण्यात वहिनींना हातचं काम निघून जाताना ऐकू आलं. हे एक काम मिळालं तर वर्षभर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको होतं. उद्या पाठवा, त्या म्हणाल्या, आणि दुपारीच जाऊन मोठ्या काचेचा फोन घेऊन आल्या.

भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, दुकानात पुढे बसून आलेले कपडे घेत आणि उरलेल्या वेळात मतं देत. फोन त्यांनीच सुरू करून दिला. वहिनींचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा सेटिंगमध्ये शिरून ‘डोळ्यांना आराम’ असं काहीतरी लावलंही, आणि आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही अशा थाटात चहा मागितला.

सोफ्याचा फोटो आला. वहिनींनी फोन चिंधीसारखाच खिडकीत धरला, रंग कालवला आणि नमुन्याचा तुकडा हॉटेलला धाडला. मॅनेजरचा निरोप आला, की सोफा राखाडी निळा आहे आणि तुम्ही शेवाळ पाठवलंय. आणखी एकदा बघतो, तेही चुकलं तर काम दुसरीकडे.

भाऊजींना असे प्रसंग मानवत. जुनं ते सोनं, म्हणाले. लोकांनी ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणण्याआधी आपणच नकार कळवलेला बरा. वहिनींनी ऐकून घेतलं. आपल्याला नाचता येतं याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. तेव्हा अंगणच तपासायला हवं होतं.

त्यांनी फोटो पुन्हा उघडला, आणि या खेपेला सोफा सोडून मागच्या पलंगाकडे पाहिलं. चादर लोण्यासारखी पिवळट. फोटो काढायच्या खोलीत असली चादर कोणतं हॉटेल घालेल? त्यांनी दोरीवरचं कोरं पांढरं कापड ओढलं, त्याचा फोटो काढला आणि फोन कापडाला लावून धरला. फोनमध्ये तेही लोणीच.

“भाऊजी, याला कावीळ झालीय,” वहिनी म्हणाल्या. “सगळं जग पिवळं दिसतंय त्याला. तुम्ही दिलेला आराम तेवढा काढून घ्या.”

भाऊजींनी पुन्हा सेटिंगमध्ये शिरून तो काढून घेतला.

एवढ्यावर विसंबतील तर त्या वहिनी कसल्या. आपला फोन बरा झाला, पण मॅनेजरच्या फोनची प्रकृती कोण बघून आलंय? आणि त्या खोलीतल्या दिव्याची? त्यांनी अगदी शेजारशेजारच्या छटांच्या पाच पट्ट्या रंगवल्या, कडेला कात्रीने एक ते पाच खाचा मारल्या आणि त्या हॉटेलला पाठवल्या. मॅनेजरला सांगितलं, दिवा बंद, खिडकी उघडी, पट्ट्या सोफ्यावर पसरा आणि मग फोटो काढा.

फोटो पुन्हा फोनमधूनच येणार, मग फरक काय पडला, असं भाऊजींचं म्हणणं.

“खोटं बोलला तरी पट्टीबद्दल आणि सोफ्याबद्दल सारखंच बोलेल ना तो.”

फोटो आला. भाऊजींनी पट्ट्या मोजल्या, दोन बोटांनी फोटो ताणून परत मोजल्या. चारच. एक हरवली त्या मॅनेजरने, म्हणाले, या लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची कदर नसते.

वहिनींनी फोन हातात घेतला. एका खाचेची दिसत होती. दोन, चार आणि पाच खाचांचीही. तीन खाचांची तेवढी त्यांनाही सापडेना, आणि आपलाच रंग आपल्याला सापडत नाही म्हणून कुणी इतकं खूश झालेलं भाऊजींनी कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी तिथल्या तिथे मॅनेजरला फोन लावून सगळे पडदे पाठवायला सांगितलं. तो बिचारा संकोचून म्हणाला, की पाचवी पट्टी ठेवल्याचं आठवतंय, पण कुठे दिसत नाही.

“शोधू नका,” वहिनी म्हणाल्या. “हात फिरवा, लागेल.”