वाळूआधी सोडलेली हवा

शागदर आला तो हॉर्न वाजवतच. दारातल्या शेळ्या उधळल्या. उलानबातरहून गाडी हाणत आला होता, पण गेरमध्ये, आमच्या गोल तंबूत, येऊन चहा घ्यायच्या आधी तो सरळ माझ्या जीपकडे गेला आणि चाकांवरची लोकरीची झाकणं त्याने बुटाने बाजूला सारली.

"अजून हेच टायर?" तो ओरडला. "दाजी, बाहेर ये!"

शागदर माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती गेल्यापासून तो मला दाजी म्हणतो ते शिवी दिल्यासारखं, आणि अहो-जाहो तर तेव्हाच सोडून दिलंय.

मी बाहेर गेलो. "नक्षी बघ आधी," मी म्हटलं. "निम्मीसुद्धा झिजलेली नाही."

"नक्षी चाटायचीय का तुला? रबर बघ, रबर!" त्याने टायरच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं. भेगेतून काळी पूड निघाली. "जपानमधल्या कुठल्या तरी म्हाताऱ्याने वापरून फेकलेले, ते तुम्ही दोघांनी उचलून आणलेत. आणले तेव्हाच जुने होते. आता दगड झालेत. आणि ह्यावर बसवून तू माझ्या भाचीला नेणार?"

सोलोंगो, माझी मुलगी, तेव्हा आत झोपली होती. तिचं पहिलं बाळंतपण. बाळ आडवं आहे, उलियास्ताईच्या दवाखान्यात आधीच येऊन राहा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मेंढ्या विण्याचे दिवस, जावयाला कळप सोडून हलता येत नव्हतं. मुलीला मीच नेणार, हे मी केव्हाच ठरवलं होतं. मामाला कोणी बोलावलं नव्हतं.

"मी ह्या टायरांची निगा राखतो," मी म्हटलं. "पुढचे मागे, मागचे पुढे करतो. ऊन लागू देत नाही. तुझ्यासारखं गरम गॅरेजात हवा भरून थंडीत बाहेर काढत नाही. बाहेर आल्यावर हवा उतरते, हे तरी माहीत आहे का तुला?"

"निगा! मेलेल्या घोड्याला खरारा करतोयस."

त्याची गाडी माझ्या जीपच्या दीडपट. टायर नवे, कडा जाड, खडकावर चालणारे. ते चांगले होते. मी आयुष्यभर जनावरांच्या डॉक्टरची जीप चालवली, एवढं मला कळतं. पण मी एका टायरला लाथ मारली तर पाय झिणझिणला. हवा ठासून भरलेली.

"एवढी का भरलीस?"

"सामान आहे. आणि कडक टायर पळतो."

"डांबरावर पळतो. वाळूत काय करशील?"

हे विचारायला नको होतं. वाळूचा पट्टा आमच्या आणि उलियास्ताईच्या मध्ये आहे. गेल्या शरदात बायकोची एक बाजू लुळी पडली, तेव्हा मी तिला त्याच वाटेने नेत होतो. वाळूच्या अलीकडे मी थांबलो, उतरलो, चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली आणि मग गाडी घातली. पट्टा पार केला. उलियास्ताई दिसायच्या आत ती गेली.

शागदर माझ्या अगदी जवळ आला. "काय करशील म्हणजे? तू केलंस तेच करू? माझी बहीण मागच्या सीटवर मरतेय आणि तू खाली बसून हवा सोडतोयस!" आणि त्याने तिचं नाव घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. दारात उभं राहून मोठ्याने तर कोणीच घेत नाही.

मी त्याची कॉलर धरली. "सोडली नसती तर गाडी रुतली असती. मग फावडं मारत बसलो असतो. मग बोलला असतास, वाळूत मारली म्हणून."

"निदान वाळूने मारली म्हटलं असतं. तू नाही."

"मामा! बाबा!" सोलोंगो दारात उभी होती, एक हात कमरेवर. "कुत्र्यांनाही तुमची लाज वाटतेय. बघा, शेपट्या पायांत घालून बसलीत."

मी कॉलर सोडली. ती सावकाश चालत माझ्या जीपपाशी गेली. वाकता येत नव्हतं, म्हणून बुटाचं टोक तिने त्या भेगेवर ठेवलं.

"बाबा, हे बदला म्हणून मी हिवाळ्यात सांगितलं होतं."

"तुझ्या आईने निवडलेत ते," मी म्हटलं. "बाजारात शंभर टायर हुंगून बघितले तिने. दुकानदार म्हणाला, खाणार आहात का काकू."

"माहीत आहे. मी होते तिथे. पण आईने जीप चालावी म्हणून घेतले होते. जपून ठेवायला नाही."

मी लोकरीची झाकणं चाकांवर परत ओढली. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी मामाच्या गाडीतून जाईन."

शागदर हसला. तसलं हसणं मला त्याच्या ओठांवरून पुसून टाकावंसं वाटतं. "ऐकलंस, दाजी? पोरीला अक्कल आहे."

"थांब मामा, संपलं नाही माझं. वाळूच्या अलीकडे तू गाडी थांबवायची. उतरायचं. चारही चाकांची हवा निम्म्यावर आणायची. बाबांनी आणली तशी."

त्याचं हसणं गेलं. "मी नाही थांबणार तिथे. त्या जागी तर नाहीच."

"मग मी बसत नाही."

"सोलोंगो, तुझी आई तिथे..."

"मी पण मागेच बसले होते ना, मामा? आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू नव्हतास. बाबांनी थांबायला हवं होतं. ते थांबले. आता बोल, थांबणार की नाही?"

शागदरने खाली बघून माती उकरली. "पंप नाही माझ्याकडे," तो शेवटी पुटपुटला. "सोडली तर परत भरायची कशाने?"

"एवढी मोठी गाडी आणि पंप नाही!" मी म्हटलं. जीपमधून माझा पंप काढला आणि त्याच्या पायाशी टाकला. उचलून हातात दिला नाही.

ते निघाले तेव्हा, वाट सुखाची व्हावी म्हणून करतात तो दुधाचा शिडकावा करायला घरात बाई नव्हती. मीच भांडं आणि पळी घेऊन बाहेर आलो. त्याच्या त्या कडक टायरांवर दूध शिंपडलं, मग गाडीच्या मागे. माझा हात त्या कामाचा नाही; अर्धं दूध माझ्याच बाहीवर सांडलं. शागदर काच खाली करून म्हणाला, "काच खराब करू नकोस." मी पुढची पळी त्याच्या काचेवरच मारली.

फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. दुपारभर मी तिथे बसलो. वारा एवढा, की टोपी हाताने धरून ठेवली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला.

"पोचलो," शागदर म्हणाला. "आत घेतलंय तिला. बाळ ठीक आहे. बाळ होईपर्यंत तिथेच ठेवणार."

"वाळूत?"

"थांबलो. तुझी पोर काय सोडतेय! चाक दाबून बघितलं तिने स्वतः." तो दम लागल्यासारखा बोलत होता. "आणि पलीकडे तुझ्या त्या खटारा पंपाने भरता भरता माझे खांदे गेले."

"रुतली का कुठे?"

"नाही." मग हळू आवाजात, "पण वेळ जातो, दाजी. हवा सोडायला वेळ जातोच. आज मी स्वतः बघितलं."

"जातो," मी म्हटलं.

"हं. मग झालं तर."

तिकडे कोणीतरी नर्स कोणाला तरी ओरडत होती, दार आपटत होतं.

"सोलोंगोला दे," मी म्हटलं.

"नाही देत. तिचा निरोप आहे. टायर बदलल्याशिवाय नातवंड बघायला यायचं नाही." आता त्याच्या आवाजात पुन्हा ते हसणं आलं. "काय मग? मी धाडू का चार नवे?"

"तुझे नकोत मला. माझे मी आणीन."

"आण की," तो म्हणाला. "हुंगून आण."

आणि त्याने फोन ठेवला.