बन्सीच्या बाटलीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, अन् जन्माचा खोडकर. अंबाल्याच्या कारखान्यात माझी लोखंडी मान ओतली, भिंगं बसवली अन् भुशाच्या पेटीतून मला औरंगपुऱ्यातल्या या लॅबमध्ये आणलं. माझ्या मालकीणबाई डॉक्टर भानुमती. माणसाच्या अंगातला हरभऱ्याएवढा तुकडा बघून रोगाचं नाव सांगायचं, हे त्यांचं काम. नवखा कुणी डोळा लावायला आला, की मी त्याला आधी त्याच्याच पापण्या दाखवतो. ‘काळ्या काड्या दिसतात’ म्हणत तो दचकतो अन् बाई हसतात. एवढीच माझी करमणूक.

जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडला, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहर बायपास ओलांडून पसरलं होतं, पण नळ काही त्याच्यामागं गेले नव्हते. तिकडच्या नव्या वसाहतींना बन्सी टँकरनं पाणी द्यायचा. त्याच्या गळ्यात गाठी आल्या, ताप हटेना, विजार कमरेवर ठरेना. दवाखान्यातून त्याची एक गाठ आमच्याकडं आली. आपल्या रक्तात रोगराईवर पहारा देणाऱ्या टी पेशी असतात. त्याच बिघडून बेसुमार माजल्या होत्या. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. या कॅन्सरला टी पेशींचा लिम्फोमा म्हणतात.

आता प्रश्न उरला कातडीचा. बन्सीच्या पोटावर, मांड्यांवर तांबड्या गाठी उठल्या होत्या. वसाहतीतले लोक म्हणायचे, याच्या पाण्यानं आम्हाला खाज सुटते, अन् बघा, टँकरवाल्यालाच भोवलं. बन्सीला रोगापेक्षा हा टोमणा जास्त लागला. बाईंना मात्र नक्की कळायला हवं होतं. पुरळ पाण्यानं येतं, औषधानं येतं, अन् हा रोग कातडीत उतरला तरी वरून तसंच दिसतं. उतरला असेल तर रोग किती पसरला याचा अंदाजच बदलतो, अन् औषध त्या बेतानं ठरतं.

म्हणून कातडीच्या डॉक्टरांनी एका गाठीचा तुकडा काढला, बाटलीतल्या औषधी पाण्यात टाकला अन् बन्सीची बायको साळूबाई हिच्या हातात दिला. औरंगपुऱ्यात पोचवा, झाकण उघडू नका, एवढंच सांगितलं. बाटली आली दुसऱ्या दिवशी. तुकड्याच्या पातळ चकत्या कापून, रंगवून काचेवर माझ्याखाली ठेवल्या. मी लई जोर लावला, पण पेशी कुठं? सगळ्या फुगून फुटलेल्या, रात्रभर पाण्यात राहिलेल्या भाकरीसारख्या. बाईंनी बाटली हुंगली. त्या औषधी पाण्याचा नाकाडोळ्याला झोंबणारा वासच नाही. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

बन्सी छाती काढून बोलला, “म्याडम, त्या पान्याला लई घाण वास येत व्हता. म्या फेकून दिलं. आपलं गाळलेलं भरलं, एक नंबर. उगं तुमी बी म्हनायच्या, बन्सीचं पानीच खराब.”

“बन्सीभाऊ, परीक्षा तुमच्या कातडीची होती, पाण्याची नव्हती. त्या घाण पाण्यामुळंच तुकडा सडत नाही. आता पुन्हा काढावा लागेल.”

“म्या सांगितलं व्हतं, उघडू नका,” साळूबाई म्हणाली. “तर म्हने, पान्यातलं तुला काय कळतंय.”

बन्सी खाली वाकून चपला शोधू लागला.

दुसरी बाटली साळूबाईनं पदरात गाठ मारून आणली, नवऱ्याच्या हाताला लागू न देता. या खेपेला मला लख्ख दिसलं. कातडीच्या खोल थरात पेशींचा घोळका होता. पण घोळका साध्या सुजेतही जमतो. म्हणून बाईंनी ठरावीक पेशींवरच चढणारे खास रंग लावून घेतले, अन् गळ्यातल्या गाठीची काच अन् कातडीची काच आळीपाळीनं माझ्याखाली ठेवली. तोच आकार, तेच रंग चढलेले. निरोगी टी पेशींवर चढणारा एक रंग दोन्हीकडं सारखाच हुकलेला. टोळी एकच होती.

रोग कातडीतही आहे, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे पाण्याचा काही दोष नव्हता. बन्सी हे ऐकून हसला, अन् साळूबाईच्या तोंडाकडं बघून मधेच थांबला.

औषधाच्या तिसऱ्या फेरीनंतर तो आला. अंगावर एक केस नाही. त्यानं माझ्यात डोळा घातला, मी सवयीनं खोडी काढायला गेलो, तर दाखवायला पापण्याच नव्हत्या.

पुढं तो लई दिवस दिसला नाही. लॅबमध्ये पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं अन् मी खिडकीजवळ प्लास्टिकची टोपी घालून धूळ खात बसलो. मग एका दुपारी बन्सी आला. कातडीवरच्या गाठी विरून नुसते डाग राहिले होते. बाईंनी माझी टोपी काढली. बन्सी वाकला.

“म्याडम, ह्याच्यात तर काळ्या काड्या दिसू राहिल्या.”

या वेळी बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, “तुमच्याच पापण्या आहेत त्या.”

साळूबाईनं त्याला बाजूला सारलं अन् स्वतः डोळा लावला.

मित्रांनो, माझ्या भिंगांवर बोटं लावू नका. काम झालं की मला टोपी घाला. अन् कुणी बाटली देऊन ‘उघडू नका’ म्हणालं, तर तिच्यातल्या पाण्याला कसाही वास येवो, उघडू नका. कधी औरंगपुऱ्यात आलात तर डोळा लावून जा. आधी काय दिसतं, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. मागच्याला मात्र सांगू नका.