वाढीव पट्टी

“ही पट्टी खोटी नाही,” आमचे हे तिसऱ्यांदा म्हणाले आणि काचेच्या कपाटासमोर पाय रोवून उभे राहिले.

तळ्यात फेरी मारणारी चारची बोट आता गेली, हे मला तेव्हाच कळलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने असे पाय रोवलेले मी चार-पाचदाच पाहिलेत, आणि माझ्या सांगण्यावरून ते एकदाही हललेले नाहीत.

लेकीने आम्हां दोघांना रविवारचं तळ्यावर फिरायला आणलं होतं. तळं कसलं, पलीकडचा काठसुद्धा दिसत नव्हता. अलीकडच्या काठावर लोखंड गाळणाऱ्यांचं जुनं गाव जसंच्या तसं जपून ठेवलंय. दगडी भट्टी, तिची दोन धुराडी, कामगारांच्या बसक्या घरांची रांग आणि जरा उंचावर मालकाचं दुमजली घर. शंभर वर्षांपूर्वी भट्टी विझली, माणसं पोटामागे निघून गेली, आणि आता लोक तिकीट काढून त्यांची घरं बघतात. बाबा अडतीस वर्षं फाउंड्रीत होते, त्यांना आवडेल, असं लेकीच्या मनात होतं. आवडलंही. भट्टीपाशी त्यांनी आम्हांला इतकं रंगवून सांगितलं की दुसरंच एक कुटुंब हे इथले माहितगार समजून मागे येऊन उभं राहिलं.

घोडं अडलं ते सुतारशाळेत. कपाटात पिवळी पडलेली एक लाकडी पट्टी होती आणि तिच्याखाली कार्ड. ‘खोटी पट्टी. दोन फुटांची ही पट्टी प्रत्यक्षात पाव इंच जास्त आहे. लाकूडतोड्यांकडून जास्त लाकूड घेण्यासाठी अशा पट्ट्या वापरल्या जात असाव्यात.’

आता हे सांगायला हवं की आमचे हे पॅटर्नमेकर. लोखंडाची जी वस्तू ओतायची ती आधी हे लोक लाकडात करतात, तिलाच पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड निवताना आखडतं. म्हणून लाकडाची वस्तू तेवढी मोठी करावी लागते. दर मापाला आकडेमोड नको, म्हणून ह्यांची पट्टीच मुळात फुटामागे थोडी लांब आखलेली असते. फाउंड्रीत तिला वाढीव पट्टी म्हणत.

मला हे लग्नानंतर महिन्याभरात कळलं, तेही घरबसल्या. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात मला भांड्यांसाठी फळी हवी होती. मी शिवणाच्या टेपने मोजून अठ्ठेचाळीस इंच सांगितले. ह्यांनी जेवणाच्या सुट्टीत कामावरच फळी कापली, रंधली, कोपरे गोल केले आणि ऐटीत खांद्यावरून घरी आणली. ती कोनाड्यात जाईना. चांगली अर्धा इंच जास्त. नवा नवरा तोंड पाडून उभा आणि मी हसून हसून बेजार. त्यावर ह्यांनी काय म्हणावं, की लोखंडाची असती तर बरोबर बसली असती.

आवाज ऐकून सुतारशाळेवर देखरेखीला असलेली मुलगी आली. निळं जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ह्यांनी तिला शांतपणे सगळं सांगितलं. तिनेही ऐकून घेतलं, पण कार्ड वरच्या ऑफिसातून येतं, जाणकारांनी लिहिलेलं असतं, आपल्या हातात काही नाही, असं म्हणाली. लेक माझ्या कानाशी लागून घड्याळ दाखवत होती. शेवटी तिने ह्यांच्या कोपराला धरलं.

“बाबा, सोडा ना. कोण वाचतंय ते कार्ड?”

“मी वाचलं,” हे म्हणाले.

लेकीचाही दोष नाही. लहानपणी शाळेत ती बाबा सुतार आहेत असं सांगायची, कारण पॅटर्नमेकर सांगितलं की पुढचं सगळं समजावत बसावं लागायचं. पण अकरा वर्षांपूर्वी फाउंड्री बंद झाली, तेव्हा ती आमच्याजवळ नव्हती. तिथल्या माळ्यावरचे सगळे पॅटर्न, ह्यांचे आणि ह्यांच्या आधीच्या तीन उस्तादांचे, ट्रकात घालून जळणाला गेले. त्या दिवशी हे घरी आले आणि दिवेलागण होईपर्यंत चपला पायातून काढायच्या विसरले. लाकूड जळून गेलं, लोखंड नाव न सांगता जगभर गेलं. ह्या माणसाकडे उरलं एवढंच, की आपलं माप कधी चुकलं नाही. आणि इथे काचेआड लिहिलं होतं की हे माप लबाडांचं. रोज शाळेची मुलं येऊन ते वाचणार. मला ह्यांचा नाही, त्या कार्डाचाच राग आला.

हे मात्र रागावले नव्हते. तज्ज्ञ डॉक्टर खोलीत नजर फिरवतो तशी त्यांनी सुतारशाळेभर नजर फिरवली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भट्टीच्या दाराचा लाकडी पॅटर्न टेकून ठेवला होता आणि शेजारी त्याच्यावरून ओतलेलं लोखंडी दार.

“ताई, कपाट उघडा. पट्टी तुम्हीच धरा आणि तुम्हीच मोजा. मी हात लावणार नाही.”

ती घुटमळली. तेव्हा मी पुढे झाले आणि तिला फळीची गोष्ट सांगितली. ह्यांच्या देखत, काही न गाळता. मुलीला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने किल्ली लावली.

हे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. तिने जुनी पट्टी लाकडी दाराच्या रुंदीवर धरली. बावीस इंच, रेघेवर रेघ. मग खिशातली टेप काढून तेच लाकूड मोजलं. बावीस, आणि वर जवळजवळ पाव इंच. मग ती टेप घेऊन लोखंडी दाराशी वाकली आणि बराच वेळ वर बघेना.

“किती?” लेकीने विचारलं. घड्याळ विसरली होती.

“बरोबर बावीस.”

हातच्या काकणाला आरसा कशाला. पण त्या मुलीने पुन्हा एकदा सगळं मोजलं, आणि त्याबद्दल ह्यांना ती फार आवडली. खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा कुणी मान वळवली नाही.

मुलीने कार्ड बाहेर काढलं. ऑफिसला कळवते, नवं यायला वेळ लागेल, पण हे आता परत लावणार नाही, असं म्हणून तिने ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. काय लिहू, काका?

हे आधीच तयार असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांना शब्द सुचेनात. कानशिलं लाल झाली. मग सावकाश म्हणाले, “लिहा. ही पट्टी खरी आहे. लोखंड निवताना आखडतं, तेवढं ही आधीच धरून चालते.”

तिने लिहिलं आणि खाली टाकायला नाव विचारलं.

“माझं कशाला? पट्टी ज्याची होती त्याचं तरी कुठे माहीत आहे?”

“मग तुम्ही केलेलं काही कुठे बघायला मिळेल का?”

“मिळेल की. पाण्याचे पंप, नळाचे व्हॉल्व्ह, रस्त्यातली गटाराची झाकणं. खाली बघत चाला,” हे म्हणाले, आणि अडतीस वर्षांचा हा हिशेब त्यांनी इतक्या सहज सांगितला की मला भरून आलं. मी ते लपवलं नाही.

डबा आम्ही साडेचारला बाकावर बसून खाल्ला. वारा सुटला होता. बोट कुठेतरी मधोमध ठिपक्याएवढी दिसत होती, आणि कुणालाच तिच्यात असावंसं वाटत नव्हतं. लेकीने बाबांना दोनदा पाणी विचारलं.

गाडीकडे जाताना ती एकदम थांबली. वाटेत गटाराचं एक झाकण होतं, गुळगुळीत झालेलं, कडेला अजून नक्षी धरून असलेलं.

“बाबा, हे तुमचं?”

हे गुडघ्यावर हात टेकून वाकले. कडेच्या फटीत बोट फिरवलं, चपलेच्या टाचेने एकदा ठोकलं, आवाज ऐकला.

“नाही गं. दुसऱ्या कुणाचं आहे,” ते उठत म्हणाले. “पण चांगलं बसलंय.”

आम्ही दोघं त्याच्यावरून चालत गाडीपाशी गेलो. लेक मागून आली, झाकणाला वळसा घालून.