दहा जणांचा फोटो

तेरवीच्या सकाळी कारंजा गावातल्या घरच्या दुकानात दौलतरावांचा मोठा केलेला फोटो आला, आणि त्यातल्या माणसाला प्रयागनं आधी ओळखलंच नाही. काळा कोट, डोक्यावर फेटा, ओठावर जाडजूड मिशी. तिच्या बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. डोळे तेवढे त्यांचे होते, तेही बावीस वर्षांच्या पोराचे. मिशी मात्र चाळिशीची.

"झकास बसला ना?" फोटोवाला रामकिसन म्हणाला. "कोट अन् मिशी म्या रंगानं काढली."

प्रयाग नववीत होती, वक्तृत्वात नुकतीच पहिली आली होती आणि तेव्हापासून कोणाच्या बापाला भीत नव्हती. "अन् असली फोटो कोठी आहे, काका?"

रामकिसननं तिच्या मोठ्या काकांकडे, पुंजाजींकडे पाहिलं आणि गुपचूप एक पाकीट तिच्या हातात ठेवलं.

तो फोटो तिनंच बाबांच्या पेटीतून शोधून दिला होता, कारण घरात बाबांचा दुसरा फोटो नव्हताच. अकरा जण, हातात हॉकीच्या काठ्या, खाली सन छत्तीस. नागपुरात रेल्वेनं बाबांना हॉकीसाठीच ठेवलं होतं. पगार मिळायचा तो खेळण्याचा. सहा वर्षं. मग आजोबा वारले, पुंजाजींनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं, गुरांच्या खाद्याचं, सरकी-ढेपेचं दुकान थाटून दिलं आणि बजावलं, काठीचं नाव काढशील तर खबरदार, खेळाड्याच्या दुकानाची पायरी कोण चढते? बाबांनी पंधरा वर्षं नाव काढलं नाही. फक्त रविवारी, अंगणात दुसरं कोणी नसलं की, छत्रीच्या मुठीनं लिंबू ढकलत ते तुळशीला वळसा घालायचे, प्रयागला म्हणायचे, "घे हिसकून." तिला कधी हिसकता आलं नाही. आईची चाहूल लागली की लिंबू खिशात.

पाकिटात दहा जण होते. मधोमध, बाबा उभे होते तिथं, कात्रीनं कापलेलं भोक.

"काहून कापलं?"

"मंग काय करा लागते?" पुंजाजी म्हणाले. "बाकीचे दहा जिते असतीन. जित्या माणसाच्या फोटोले हार घालतं का कोणी? त्याईच्या लेकराबाळाले आपण काहून अपशकुन करा? गेला त्याले येगळा काढला."

दुकानातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. प्रयागच्या आईनं, कस्तुराबाईनंसुद्धा.

दुपारी बाजारातले अडते, व्यापारी सतरंजीवर येऊन बसले. फोटोला हार चढला. एकेक जण उठून बोलला. सचोटीचा माणूस. ढेपेत कधी माती मिसळली नाही. लेकराईचं किती पाहे. सगळं खरं होतं, आणि म्हणूनच प्रयागचा जीव जळत होता. खरं बोलून बोलूनच हे लोक तिच्या अर्ध्या बापाला पुरून टाकत होते.

ती उभी राहिली. "माझे बाबा हॉकी खेळायचे. राइट हाफ. नागपुरात त्यांचा खेळ पाहायला माणसं झाडावर चढायची."

"कोन, आपला ढेपेवाला दौलतराव?" जगदेवशेठ अडते गालात हसले. "बस बेटा. बाप गेला की होते असं."

"फोटो आहे माझ्याजवळ."

फोटो हातोहात फिरला. जगदेवशेठनी चष्मा चढवून बोटानं डोकी मोजली. "दहा. याच्यात दौलतराव कोनता?"

"हा." तिनं भोकावर बोट ठेवलं. बोट आरपार निघालं.

मागं कोणीतरी खुदकन हसलं. पुंजाजी हसले नाहीत.

"वैनी," जगदेवशेठनी आतल्या दाराशी बायकांमध्ये बसलेल्या कस्तुराबाईला विचारलं, "पोट्टी म्हणते ते खरं हाय का?"

प्रयागला हायसं वाटलं. आईनं नागपुरात दोन वर्षं बाबांचे चिखलानं भरलेले मोजे धुतले होते. तिला विचारलं, बरं झालं.

कस्तुराबाईनं आधी मांडीवरच्या धाकट्या पोराकडे पाहिलं, मग पुंजाजींकडे. उद्यापासून दुकानाच्या गादीवर तेच बसणार होते.

"नाई जी," ती म्हणाली. "ते दुकानच पाहत. शाळेत शिकवतात पोट्टीईले काहीबाही."

वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीनं फोटो मागून घेतला आणि पाकिटात घातला. पंगत बसली. कोणीतरी तिच्या हातात पाण्याचा गडवा दिला, आणि ती वाकून पेले भरू लागली.

"काय व पोट्टे," एक जण बुंदी चावत म्हणाला, "किती गोल मारले मंग तुह्या बापानं?"

"राइट हाफ गोल नाई मारत," प्रयाग म्हणाली. "चेंडू दुसऱ्याले देते. पाणी पाहिजे का?"