तीन दिवस मेलला हात लावायचा नाही

धामणकर नाक्याच्या फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात गुरुवारी सकाळी माग सोडून सगळे ऑफिसात जमले होते. राउटरला लिंबू-मिरची लटकत होती आणि शेठच्या खुर्चीत दिघाशीचे लडकूबाबा डोळे मिटून बसले होते.

"सर्वरला नजर लागली व्हती. आता उतरली," बाबा म्हणाले. "पाठवा माझ्या फोनवर मेल!"

मेल गेला. बाबांच्या फोनवर टुणकन वाजला. शेठनी हात जोडले.

हिशेबापासून मेलपर्यंत सगळं पाहणाऱ्या नाजनीनचं डोकं तडकलं. गणवेशाच्या कापडाची मोठी ऑर्डर होती. दर फक्त कारखान्याच्या नोंदलेल्या मेलवरूनच, आज बारापर्यंत पाठवायचे होते. ऑर्डर गेली तर दुसरी शिफ्ट बंद, म्हणजे काशीबाईंसारख्या अकरा जणी घरी. पण मेल जाईल तिथून परत येत होता, नाहीतर स्पॅममध्ये पडत होता. सोमवारीच ती म्हणाली होती, "शेठ, मला अर्धा दिवस द्या." पण बाबांचा हुकूम होता, तीन दिवस मेलला हात लावायचा नाही! शहाण्यासुरत्या शेठनी तो पाळला.

आता तिने तोच मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवला. थेट स्पॅममध्ये!

"बाबा, फोन द्या जरा."

"त्याला बाईमानसानं शिवायचं न्हाय!"

स्पॅममधला मेल पाहून शेठनीच फोन हिसकावला. कारखान्याचा मेलचा पत्ता बाबांनी आधीच ओळखीच्या यादीत टाकून ठेवला होता. वर 'हा मेल स्पॅममध्ये टाकू नये' अशी सूचनाही फोनला देऊन ठेवली होती. पत्ता तर बाहेरच्या पाटीवरच लिहिलेला. असला हा सिद्धपुरुष!

"शेठ, गेल्या महिन्यात तुम्ही मेलची कंपनी बदललीत," नाजनीन म्हणाली. "आपल्या नावाने कोण मेल पाठवू शकतं, याची यादी इंटरनेटवर असते. तिच्यात अजून जुनीच कंपनी आहे. काल्हेरच्या गोदामात यादीत नाव नसलेला ट्रक वॉचमन आत सोडतो का?"

तिने यादीत नवी कंपनी घातली, मेल खरंच आपलाच आहे हे पटवणारी सहीची किल्लीही चालू केली. बदल सगळीकडे पोचायला वेळ लागला. एक वाजता मेल सुरळीत गेला आणि लगेच उत्तर आलं: मुदत बाराला संपली.

बाबा केव्हाच पसार झाले होते. काशीबाई दारात उभ्या होत्या.

"मॅडम, सोमवारीच केला असता तं झाला असता ना?"

"झालं असतं," नाजनीन म्हणाली. शेठकडे पाहून तिने पुन्हा सांगितलं, "सोमवारी झालं असतं, शेठ."

लोकहो, यंत्र अडलं तर ते जाणणाऱ्याला विचारा. बाबाला विचारलंत, तर त्याचं काही जात नाही; जातं ते काशीबाईंचं.