माझे पहिले दोन इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबकळते ना, ती पिवळी कापडी टेप. आता माझा रंग विटला आहे, मधले काही आकडे पुसट झाले आहेत आणि मला डोके नाही. हसू नका, खरेच नाही. माझी सुरुवातच मुळी दोनाच्या आकड्यापासून होते.

जन्मले तेव्हा मी धडधाकट होते. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात पडले. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची आणि तिचा नवरा बस चालवायचा. मी कितीतरी खांदे, बाह्या आणि कमरा मोजल्या. पोट आत ओढून उभी राहणारी गिऱ्हाइके मला बरोबर ओळखू यायची, पण मी कधी कुणाची चहाडी केली नाही.

त्यांना एक मुलगी होती. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. चार वर्षांची असताना तिला कापडाच्या उंदरासाठी शेपूट हवे होते. आईची पाठ वळली, कात्री हाताशी होती, आणि माझे पहिले दोन इंच उंदराला गेले. आईने कपाळाला हात लावला, पण उंदीर बघून तिला हसू आवरेना. तिने गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आणली, तिला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली आणि मला भिंगरीच्या हवाली केले. "टेपने मोजलं ना, की दोन वजा करायचे," एवढेच तिने लेकीला सांगून ठेवले.

भिंगरी शाळेत जात नव्हती. बाबांची सुट्टी कधी मंगळवारी तर कधी शुक्रवारी, म्हणजे ते घरी आणि मुलगी शाळेत अशी चुकामूक व्हायची. म्हणून दोघांनी ठरवले, हिला घरीच शिकवू. घंटा नाही, वेळापत्रक नाही. सकाळी समोरच्या खांबाची सावली मोजायची, दुपारी पुन्हा मोजायची आणि ती आखडली कशी यावर बाबांशी वाद घालायचा. पावाचे पीठ फुगण्याआधी केवढे आणि फुगल्यावर केवढे, ते बघायचे. ग्रंथालयातली पुस्तके टेबलाखाली लोळत वाचायची. एकदा तिने घरातली सगळी ताटे, वाट्या आणि झाकणे मोजून काढली.

"आई, कुठलंही गोल घे, त्याचा घेर आडव्या मापाच्या तिपटीहून थोडा जास्तच येतो! असं का?"

"मलाही नाही माहीत," आई म्हणाली. "बाबा आले की तिघं मिळून शोधू."

त्या घरातले हे वाक्य मला फार आवडायचे.

भिंगरी आठ वर्षांची झाली आणि आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिका. भाचीवर तिचा भारी जीव, म्हणूनच तिच्या जिवाला घोर लागलेला.

"पोरीची वर्षं खेळण्यात चाललीत," ती म्हणाली. "मी हिला माझ्याकडे नेते आणि आमच्याच शाळेत घालते."

बाबांना ताईचा शब्द मोडवत नसे. "तूच तपासून बघ, ताई. मागे पडलीय असं वाटलं तर घेऊन जा."

आईच्या हातातली सुई तशीच थांबली. शिवणाच्या टोपलीत पडल्या पडल्या मी सगळे ऐकत होते. भिंगरी गेली तर त्या घरात उरणार काय होते?

आत्याने भिंगरीसाठी भेट आणली होती, एक करकरीत नवी टेप. तीच तिच्या हातात देऊन आत्या म्हणाली, "समज, या खिडकीला पडदा शिवायचाय. किती रुंद आहे?"

"अडतीस," भिंगरीने मोजून सांगितले. आत्याने मोजले तर चाळीस. टेबल भिंगरीच्या हिशेबाने बावीस, निघाले चोवीस. दाराचेही माप चुकले.

आत्याने चष्मा काढून पुसला. तिला राग आला नव्हता, वाईट वाटले होते. "साधं माप घेता येऊ नये हिला?" ती हळूच म्हणाली. बाबांनी मान खाली घातली.

आईच्या मात्र चटकन ध्यानात आले. "अहो ताई, ती काय करतेय..."

"तू काही सांगू नकोस. तिचं तिला बघू दे." हाडाची शिक्षिका होती ती.

भिंगरीचे डोळे भरून आले होते. ती धावत टोपलीकडे आली आणि तिने मला ओढून खिडकीला लावले. "बेचाळीस. दोन वजा, चाळीस. नवीवर चाळीस, दोन वजा, अडतीस. खिडकी एकच आणि मापं दोन?"

तिने आम्हा दोघींना फरशीवर शेजारी शेजारी झोपवले. शेवटच्या आकड्यापासून आकड्याला आकडा जुळवत ती गुडघ्यांवर मागे सरकत गेली. मी दोनावर संपले, तरी नवी टेप शिल्लकच होती. आईने ओठ घट्ट मिटून धरले होते.

"आई!" भिंगरी किंचाळलीच. "हिला डोकं आहे! माझ्या टेपला डोकंच नाही! म्हणून दोन वजा! हिच्यातून काही वजा करायचंच नाही!"

मग काय विचारता! खिडकी, टेबल, दार, बाबांचा बूट, आत्याचे नाक, सगळे नव्याने मोजून झाले. एकही माप चुकले नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आत्या फरशीवर तिच्याशेजारी बसली. "शाळेत मी असते तर लाल फुली मारून पुढची वही घेतली असती," ती आईला म्हणाली. "वर्गात पोरं खूप असतात गं. थांबणं होतच नाही."

बाबांनी भीत भीत विचारले, "मग हिची बॅग भरायची का, ताई?"

"सुट्टीत भर. चार दिवस राहील आणि परत येईल. पण अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय आहेत, त्याकडे आधी बघा!"

आईने आत्याला मिठीच मारली. तेवढ्यात आत्याने मला उचलले. "हिला मात्र मी माझ्या वर्गासाठी नेणार. देशील मला?"

भिंगरीने मला बराच वेळ धरून ठेवले. मग नीट गुंडाळून आत्याच्या हातात दिले. "पण मुलांना आधीच सांगून टाकू नकोस हं, आत्या."

मुलीला न्यायला आलेली आत्या अशी मला घेऊन परतली. घर सुटताना मला रडू आले, खोटे कशाला सांगू? पण पोर घरी राहिली होती, आणि त्यापुढे मला काही नको होते.

आता मी आत्याच्या वर्गात खिळ्याला टांगलेली असते. मुले मला लावून फळा मोजतात आणि हटकून चुकतात. आत्याच्या जिभेवर उत्तर अगदी आलेले असते. तरी ती गिळते आणि थांबते.

मित्रांनो, तुमचा धाकटा भाऊ किंवा मैत्रीण चुकली, तर तुम्हीही लगेच खोडू नका. जरा शेजारी बसा, थांबा. आणि हो, मोजून झाले की मला नीट गुंडाळून ठेवा, गाठी मारू नका. दोन इंच गेले म्हणून काय झाले, बाकीची मी सगळी तुमचीच आहे.